कोअर शॉपच्या पायरीवरचा नारळ

आदरणीय श्री. यशवंत नारायण कोपरकर साहेबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त निघणाऱ्या या पुस्तकात मीही चार शब्द लिहावेत असं समितीच्या मंडळींनी मोहने गावात आमच्या घरी येऊन सांगितलं. मला फार आनंद झाला. मी चौथीपर्यंत शिकलेली आहे. माझ्या आधी या पुस्तकात मोठमोठ्या इंजिनिअर लोकांचे लेख असतील आणि भट्टी, लोखंड, परदेशी मशिनी याबद्दल ते बरोबर लिहितील. मी कोअर शॉपमधली बाई. मला जे दिसलं तेवढं लिहिते. लिहिताना इकडचं तिकडं होईल, ते वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

साहेबांना मी पहिल्यांदा बघितलं ते वागळे इस्टेटच्या जुन्या कारखान्यात. तेव्हा कारखाना लहान होता. ट्रक आणि टेम्पोचे ओतीव भाग व्हायचे, ब्रेकचे ड्रम, ब्रॅकेट, धूर बाहेर नेणारे मॅनिफोल्ड. कोळशाची उंच भट्टी होती, तिला क्युपोला म्हणायचे. ती पेटली की सगळ्यांच्या डब्यांवर काजळी बसायची. लोखंड ओतण्याकडे पुरुष, आणि कोअर शॉपमध्ये आम्ही बायका, पहिल्यापासून.

कोअर म्हणजे काय ते सांगते, कारण माझ्या सुनेलाही लग्नानंतर बरीच वर्षं ते कळलेलं नव्हतं. ओतीव वस्तूचा बाहेरचा आकार साच्यातून येतो. पण आत पोकळी हवी असेल, पाणी जायला, धूर जायला, तर त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा ठोकळा करून साच्यात ठेवायचा. तो कोअर. वरून लोखंड ओतायचं, गार झालं की वाळू फोडून झटकून टाकायची. मोदकात सारण आत राहतं, आमच्याकडे सारण काढून टाकायचं आणि रिकामा मोदक गाडीला लावायचा. म्हणून आमचं काम गाडीत कुठं दाखवता येत नाही. माझा नवरा मला म्हणायचा, "तू दिवसभर करतेस काय?" मी म्हणायचे, "भोकं करते."

त्या वेळी वाळूत जवसाचं तेल आणि काकवीसारखी मळी घालून हातानं मळायचो, लाकडी पेटीत ठासायचो आणि भट्टीत भाजायचो. त्याचा वास इतका गोड यायचा की बाहेरून येणाऱ्याला वाटायचं आत काहीतरी पक्वान्न चाललंय. साहेब नवीन इंजिनिअर म्हणून रुजू झाले त्या दिवशी, पांढरा शर्ट घालून, दारात उभे राहिले आणि विचारलं, "काय शिजतंय हो?"

आमच्यातल्या सगळ्यात जुन्या काशीबाई. त्यांची जीभ सगळ्या कारखान्याला माहीत होती. त्या म्हणाल्या, "ब्रेकड्रम. जेवून जाणार का?"

साहेब हसले नाहीत. आत आले, भट्टीच्या वर बघितलं. तिथं आमचे डबे ओळीनं ठेवलेले. भाजी गरम राहावी म्हणून आम्ही ते तिथं ठेवायचो. साहेबांनी एक डबा उचलला, वास घेतला आणि म्हणाले, "हे तेल तुमच्या जेवणात जातंय. उद्यापासून डबे इथं नाहीत."

झालं. पहिल्या दिवशी आलेला माणूस आणि आमच्या पोटावर आला. काशीबाईंनी त्यांचं नाव 'नवे जावई' ठेवलं. आठवडाभर आम्ही गार भाकरी खाल्ली आणि जावयाचा उद्धार केला. मग एक दिवस साहेब दोन माणसांकडून एक जाड ओतीव तवा उचलून घेऊन आले, चांगला पाटाएवढा, खाली चार पाय. आपल्याच भट्टीत त्यांनी तो ओतवून घेतला होता. बाहेरच्या पडवीत मांडला, खाली निखारे ठेवायची सोय केली, म्हणाले, "डबे इथं." तव्याचा एक पाय आखूड झाला होता. डबा ठेवला की तवा डुगडुगायचा. काशीबाई म्हणाल्या, "इंजिनिअर साहेब, पाय मोजायला विसरलात वाटतं." साहेबांनी खाली वाकून बघितलं, खिशातून एक पत्र्याचा तुकडा काढून पायाखाली सरकवला आणि गेले. पुढच्या सगळ्या वर्षांत तो पत्र्याचा तुकडा हलला नाही. आम्हीही त्यांना जावई म्हणायचं सोडलं. का सोडलं ते सांगता येणार नाही, आपोआप सुटलं.

साहेबांची एक सवय आहे, ती बहुतेकांना माहीत असेल. ओतीव लोखंडाची कुठलीही वस्तू दिसली की ते ती उलटी करून बघतात. माझ्या मिस्टरांची पाठ धरली होती, काम सुटलं होतं, महिनोन् महिने ते अंथरुणाला होते. एका रविवारी साहेब त्यांना बघायला डोंबिवलीहून मोहन्याला आले. डोंबिवलीच्या पांढरपेशा घरातला माणूस आमच्या चाळीत आला म्हणून मुलं दारात गोळा झाली. साहेब जमिनीवर बसले, चहा घेतला, आणि बोलता बोलता उठून स्वयंपाकघरात गेले, शेगडीचा बर्नर काढला आणि उजेडात धरून बघायला लागले. "हे बघा, इथं वाळू निसटलीय. कुणी केलंय हे, फुकट घालवलंय." मिस्टर अंथरुणातून म्हणाले, "साहेब, मला बघायला आलात का शेगडीला?" साहेब म्हणाले, "तुमचं कास्टिंग चांगलं आहे. शेगडीचं बिघडलंय." मिस्टर हसले. त्या आजारपणात ते हसलेले मला आठवतात ते तेवढेच. पाठ नंतर पुष्कळ उशिरा बरी झाली, ते डॉक्टरांचं काम, त्यात साहेबांचा काही हात नव्हता. पण मी हे विसरले नाही.

माणसाला हाक मारताना साहेब कधी 'ए' म्हणाले नाहीत. झाडूवाल्यालाही 'अहो'. रागावले तरी 'अहो'. एकदा एका ओतणाऱ्यानं कोअर उलटा बसवला आणि दिवसभराचं ओतकाम वाया गेलं, तेव्हा साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं, "अहो, तुम्ही गाढव आहात." तो माणूस बाहेर येऊन आम्हाला म्हणाला, "शिवी दिली का मान दिला, कळलंच नाही."

असो. आता मूळ गोष्टीकडे येते.

आमच्या कारखान्याचे मोठे शेठ थकले आणि धाकटे शेठ बघायला लागले, त्या सुमाराला आजूबाजूचे कारखाने एकेक करून बंद होत होते. गाड्यांच्या कंपन्या आता हातानं ठासलेल्या कोअरचे भाग घेईनात. त्यांना एकसारखा माल हवा होता, आणि हात कितीही बसलेला असला तरी माझा कोअर आणि काशीबाईंचा कोअर एकसारखा कसा येणार? तेव्हा साहेबांनी धाकट्या शेठना कोअर करायची मशीन घ्यायला लावली. तिच्यात वाळूला आधीच रेझिन नावाचा चिकट पदार्थ लावलेला असतो. वाळू वरच्या मोठ्या नरसाळ्यात, म्हणजे हॉपरमध्ये भरायची. ती हवेच्या जोरानं तापलेल्या पेटीत जाते आणि बघता बघता घट्ट होऊन कोअर बाहेर येतो. तेल नाही, मळी नाही, तो गोड वासही नाही. आहे तो जळका, नाकात जाणारा.

मशीन यायच्या आधीच कारखान्यात बोलणं सुरू झालं की कोअर शॉपमधल्या बायका आता जाणार. ते बोलणं खोटं नव्हतं. धाकट्या शेठांच्या मनात आयटीआय शिकलेली मुलं मशीनवर ठेवायची होती. मशीन तीन पाळ्यांत चालवायची, बायका रात्रपाळीला येणार नाहीत, आणि चौथी-पाचवी शिकलेल्या बायकांना बटणं काय कळणार, असं त्यांचं म्हणणं. आमच्यात कुणाचा नवरा नव्हता, कुणाचा होता पण माझ्या मिस्टरांसारखा अंथरुणाला होता. काशीबाईंना तर पोटच्या तीन मुलींशिवाय कुणी नव्हतं. कोअर शॉप गेलं तर दुसरीकडे हे काम मिळणार नव्हतं, कारण दुसरीकडेही मशिनीच येत होत्या.

साहेबांनी शेठांना सांगितलं, "मशीन आणू. पण दिवसाच्या दोन पाळ्या याच बायका चालवतील. रात्रीची पाळी पुरुष, आणि त्यांना शिकवतील याच."

"आणि नाही जमलं तर?"

"पहिला ट्रायल लॉट जाऊ दे. पास झाला तर बायका राहतील. नाही झाला तर तुम्ही म्हणाल तसं."

हे आम्हाला साहेबांनी स्वतः येऊन सांगितलं, आडपडदा न ठेवता. काशीबाई म्हणाल्या, "म्हणजे आमचं लग्न तुम्ही या मशीनशी लावलंत म्हणायचं." साहेब म्हणाले, "नांदायचं कसं ते मी शिकवतो." आणि शिकवलं. जेवणाच्या सुट्टीत, तव्याशेजारी बसून, कागदावर चित्रं काढून. एक गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली की आम्ही त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचो: "वाळू कोरडी. बाकी काही विसरलात तरी चालेल. वाळू कोरडी." वाळूत ओल राहिली की लोखंड ओतताना तिची वाफ होते, वाफेला जागा मिळाली नाही की ती लोखंडात भोक पाडते. वरून दिसत नाही. गिऱ्हाइकाकडे यंत्रावर घासलं की मग उघडं पडतं.

मशीन आली आणि दसरा आला.

आमच्या कोअर शॉपमध्ये दसऱ्याला कोअर भाजायच्या भट्टीच्या उंबऱ्यावर नारळ फोडायची पद्धत होती. भट्टी गरम, पाणी पडलं की चर्र झालं आणि गेलं. त्यात कधी कुणाचं नुकसान झालं नव्हतं. त्या वर्षी ती भट्टी गार पडलेली आणि कोपऱ्यात ही नवी मशीन, हिरव्या रंगाची, चकचकीत. आम्ही तिला हळद-कुंकू लावलं, झेंडूची जाड माळ आणली. साहेब पूजेला दरवर्षी यायचे, पण लांब उभे राहायचे. देवाधर्माचं त्यांना फार नाही. प्रसाद मात्र घ्यायचे. काशीबाई त्यांना म्हणाल्या, "साहेब, नवीन सून घरात आलीय. तुम्हीच आणलीत. नारळ तुम्हीच फोडायचा."

"अहो काशीबाई, मला हे येत नाही."

"नारळ फोडायला काय कॉलेज लागतं का?"

सगळे हसले. साहेबही हसले. आता फोडायचा कुठं? मशीनला सगळीकडे रंग, कुठं टवका उडायला नको. वर हॉपरची जाड लोखंडी कड होती, ती बिनरंगाची. शिडी लावलेलीच होती. साहेब शिडीवर चढले, माळ हॉपरच्या कडेवरून नीट अडकवली, आणि दोन फटक्यांत नारळ कडेवर फोडला. झाकण आदल्या दिवशी वाळू भरल्यापासून बाजूलाच होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या. पेढे वाटले. मशीन बसवायला कंपनीचा जो माणूस दक्षिणेकडून आला होता, त्यानंही टाळ्या वाजवल्या. मी शिडीच्या पायाशी उभी होते. माझ्या पदरावर नारळाच्या पाण्याचे शिंतोडे आले, ते मी शुभ म्हणून डोळ्यांना लावले.

दसरा झाल्यावर लगेच ट्रायल लॉट धरला. मॅनिफोल्डचे कोअर आम्ही केले, साहेब शेजारी उभे राहिले, कुणाचं काही चुकलं नाही. लोखंड ओतलं, माल गिऱ्हाइकाकडे गेला. आम्ही वाट बघत बसलो. काही आठवड्यांनी माल परत आला. सगळा नाही, त्यातले बरेच नग. यंत्रावर घासल्यावर आत भोकं निघाली होती, तांदळाएवढी, काही ठिकाणी वाटाण्याएवढी.

मशीनच्या माणसानं बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "सर, ये लेडीज लोग से नहीं होगा. रेत गीला रखा है इन लोगोंने." धाकट्या शेठांनी लगेच सांगून टाकलं की पुढच्या महिन्यापासून मशीनवर मुलं येतील. वाळूच्या पोत्यांवर ताडपत्री होती का, कुणी पाण्याची बाटली नेली होती का, सगळं एकमेकींना विचारून झालं. प्रत्येकीला दुसरीचा संशय यायला लागला. ते दिवस काही चांगले नव्हते.

साहेबांनी एक पद्धत घालून दिली होती, प्रत्येक लॉटमधले थोडे कोअर न वापरता फळीवर ठेवायचे. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते आले, फळीवरचे कोअर खाली घेतले आणि एकेक हातानं मोडून बघायला लागले. आम्ही डबे उघडून बसलो होतो, पण कुणी जेवत नव्हतं. बरेच कोअर चांगले निघाले. मग एक मोडला तेव्हा आत ओल सुकून झालेलं ढेकूळ दिसलं. आणखी एक मोडला. त्याच्या मधोमध, वाळूत भाजून तपकिरी झालेली, झेंडूची पाकळी.

ती पाकळी कुठून आली ते सगळ्यांना एकदमच कळलं.

काशीबाई म्हणाल्या, "साहेब, हे आता आमच्यावर येणार."

"का?"

"माळ आम्ही आणली."

"घातली कुणी?"

काशीबाई डब्याचं झाकण लावायला लागल्या.

"अहो, घातली कुणी काशीबाई?"

"तुम्ही."

"आणि नारळ?"

"तुम्हीच. पण मी म्हटलं म्हणून."

"तुम्ही मला रोज काही ना काही म्हणता. त्यातलं मी किती ऐकलंय?" असं म्हणून साहेबांनी रुमाल पसरला, त्यात तो मोडलेला कोअर पाकळीसकट ठेवला आणि शेठांच्या केबिनकडे निघाले. हे मी मुद्दाम सांगते की तोपर्यंत आमच्याशिवाय कुणालाही काही कळलेलं नव्हतं. ती पाकळी साहेबांनी बोटानं उडवली असती तर विषय तिथंच संपला असता. आम्ही तर त्यांच्या विरुद्ध बोललोच नसतो.

केबिनला काच होती आणि दार नीट लागायचं नाही. आम्ही त्यांच्या मागोमाग जाऊन पॅसेजमध्ये उभ्या राहिलो. साहेबांनी रुमाल शेठांच्या टेबलावर उघडला.

"हे काय आहे?"

"झेंडू. दसऱ्याला माळ मी घातली. नारळ हॉपरच्या तोंडावर मी फोडला. पाणी आत गेलं. बायकांनी वाळू कोरडीच ठेवली होती, ती मी ओली केली."

शेठांनी पाकळीला बोट लावून बघितलं. मग म्हणाले, "कोपरकर, तुम्ही मेटलर्जिस्ट आहात!"

"आहे. दसऱ्याच्या दिवशी सुट्टी घेतली होती."

मशीनचा माणूस बसलेला होता. तो म्हणाला, "सर, लेकिन कस्टमर को रिपोर्ट में क्या लिखेंगे? कोकोनट?"

"लिखो," साहेब म्हणाले. "कोकोनट. और मेरा नाम."

बाहेर काशीबाईंनी पदर तोंडात कोंबला. हसत होत्या का रडत होत्या, मला सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही.

गिऱ्हाइकाच्या कंपनीत साहेब स्वतः गेले. तिथं काय झालं ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. त्यांच्याबरोबर गेलेल्या ड्रायव्हरनं सांगितलं की आतून हसण्याचा मोठा आवाज आला आणि मग बराच वेळ काही आवाज आला नाही. पण दुसरा लॉट घ्यायला ते तयार झाले. तो लॉट आम्ही केला. हॉपर रिकामा करून, पुसून, झाकण घट्ट लावून. काशीबाई झाकणाजवळ कुणाला नुसतं उभं राहू देत नव्हत्या. मशीनच्या माणसालासुद्धा म्हणाल्या, "तुम कपाळ का घाम पोंछो पहले." लॉट पास झाला. एकही नग परत आला नाही. आणि आम्ही मशीनवर राहिलो. शेठांनी दिलेला शब्द पाळला, हेही लिहायला हवं. पुढे रात्रपाळीला जी मुलं आली त्यांना आम्हीच शिकवलं, आणि शिकवताना सगळ्यात पहिलं वाक्य साहेबांचंच.

त्या वर्षी साहेब प्लांट हेड होणार, असं सगळे धरून चालले होते. झाले नाहीत. बाहेरून दुसरे एक गृहस्थ आले आणि साहेब काही वर्षं त्यांच्या हाताखाली राहिले. नारळाचा आणि त्याचा संबंध होता का, हे शेठच सांगू शकतील. साहेबांना एकदा काशीबाईंनी तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "काशीबाई, तवा डुगडुगतोय बघा." आणि पत्र्याचा तुकडा बघायला खाली वाकले. तवा डुगडुगत नव्हता.

नंतरचं सगळं इतर लोक लिहितीलच. साहेब शेवटी प्लांट हेड झाले. क्युपोला बंद करून विजेची भट्टी आणली. शेवटच्या दिवशी क्युपोलाचा धूर बघायला आम्ही सगळे अंगणात उभे होतो. धुराला कुणी रडत नाही, पण जुने ओतणारे तोंड फिरवून उभे राहिले. वागळे इस्टेटमध्ये काचेच्या इमारती यायला लागल्या, त्यांना आमची धूळ नको होती, म्हणून कारखाना आंबिवलीकडे हलला. माझ्या घराजवळच आला म्हणायचा. साचे करायची लाईन आपोआप चालणारी झाली. आम्ही एकेक करून रिटायर झालो. काशीबाई सगळ्यात आधी, त्यांच्या तिन्ही मुलींची लग्नं करून. त्या आता नाहीत. असत्या तर हा लेख त्यांनी सांगितला असता आणि मी नुसता लिहिला असता, तो जास्त चांगला झाला असता.

आता माझ्या आनंदाचं कारण सांगते, नाहीतर लेख संपवायची मी नाही. माझी नात सायली इंजिनिअर झाली आणि गेल्या वर्षी त्याच कारखान्यात लागली. कुणाचा वशिला नाही, मुलाखत देऊन. तिला कुठं टाकलं, तर कोअर शॉपमध्ये. कारखान्यात घरच्यांना बोलावतात त्या दिवशी तिनं मला आत नेऊन दाखवलं. माणसाच्या हातासारखा लोखंडी हात कोअर उचलतो, रंगात बुडवतो, मांडून ठेवतो. लोखंड ओतायच्या आधीच ते आत कसं वाहील हे कॉम्प्युटरवर दिसतं, भोक पडणार असेल तर तिथं लाल होतं. मी म्हटलं, "हे तेव्हा असतं तर?" सायली म्हणाली, "तर काय आजी?" मी म्हटलं, "काही नाही." तवा कँटीनच्या मागच्या पडवीत होता. त्यावर कुंड्या ठेवल्या आहेत. पत्र्याचा तुकडा आहे.

मग या दसऱ्याला सायलीनं दुपारी फोन केला. "आजी, आमच्याकडे एक गंमत आहे. बाकी सगळ्या डिपार्टमेंटला मशीनसमोर नारळ फोडतात, आणि कोअर शॉपमध्ये मात्र दाराबाहेर पायरीवर. माळ पण दाराच्या चौकटीला, मशीनला नाही. भिंतीवर तशी पाटीच लावलीय. मी मॅनेजरना विचारलं का, तर ते म्हणाले, कुठल्यातरी ऑडिटमध्ये आलेलं असेल."

मी फोनवर इतकी हसले की सूनबाई बाहेर आली. सायली विचारत राहिली, "अगं आजी, काय झालं? सांग ना!" तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं, जे आज इथं लिहिलं आहे. मग तिनं विचारलं, "साहेबांनी सांगितलं नसतं तर?" मी म्हटलं, "तर आम्ही गेलो असतो. आणि तुझ्या बापाची शाळा त्याच वर्षी सुटली असती." तिनं फोन ठेवला. संध्याकाळी घरी आली ती पेढे घेऊन.

आज साहेब डोंबिवलीला असतात. सकाळी फिरायला जातात, बागेतल्या ओतीव बाकांचे पाय वाकून बघतात असं ऐकते. वहिनीसाहेबांची तब्येत बरी असते. गुडघे कुरकुरतात, पण माझेही कुरकुरतात.

समारंभाच्या दिवशी साहेबांना शाल देतील आणि हातात श्रीफळ देतील. समितीला माझी एकच विनंती आहे. श्रीफळ अवश्य द्यावं, चांगलं पाण्याचं, शेंडीवालं द्यावं. पण टाळ्यांच्या भरात कुणी साहेबांना ते फोडायला सांगू नये. फोडायचंच असेल तर हॉलच्या पायरीवर, आणि नारळ फोडायला कोअर शॉपमधल्या आम्ही ज्या चार-पाच जणी उरलो आहोत त्यांना बोलवावं. आम्हाला पायरी कुठं असते ते माहीत आहे.

साहेब, तुम्ही आम्हाला मशीनवर ठेवलंत तेव्हा तुमचं वय माझ्या मुलाच्या आजच्या वयाएवढं होतं. आता शांतपणे शंभरी गाठावी, डोळे आणि हात असेच राहावेत, आणि जगातलं सगळं ओतीव लोखंड एकदा तरी उलटं करून बघून व्हावं, एवढं मी देवाजवळ मागते. तुमचं देवाचं फार नसलं तरी माझं आहे, तेवढ्यात भागेल. तुमच्या सत्काराच्या दिवशी सायलीची पहिली पाळी आहे, म्हणून तिला येता येणार नाही. तिनं तुम्हाला निरोप दिला आहे, तो जसाच्या तसा लिहिते: वाळू कोरडी आहे, काळजी नसावी.

— इंदुबाई शंकर मोहिते, मोहने
(निवृत्त, कोअर शॉप)